थकलेल्या पगारातून वसलेलं गाव

पोलंडच्या ईशान्य कोपऱ्यात, बेलारूसच्या सीमेलगत क्रुशिन्यानी नावाचं खेडं आहे. ब्याविस्तोक शहराच्या पूर्वेला साधारण ५० किलोमीटरवर. वस्ती दोनशेच्याही आत. गावात जुन्या झाडांच्या आडून हिरव्या रंगाची एक लाकडी इमारत डोकावते. दर्शनी बाजूला दोन चौकोनी मनोरे, त्यांवर छोटे घुमट. लांबून पाहणाऱ्याला ते खेड्यातलं चर्चच वाटावं. मनोऱ्यांच्या टोकांवर मात्र चंद्रकोर आहे. ही मशीद आहे, आणि कॅथलिक पोलंडमधल्या या गावात तातार मुसलमान सुमारे साडेतीनशे वर्षं नांदत आले आहेत. त्यांना इथे आणलं ते सरकारदरबारी थकलेल्या पगारानं.

तातार घोडेस्वार चौदाव्या शतकापासून लिथुआनियाच्या राज्यकर्त्यांच्या चाकरीत होते. पुढे पोलंड-लिथुआनियाच्या संयुक्त राज्यासाठीही ते लढले. पण सतराव्या शतकातल्या युद्धांनी खजिना रिकामा झाला, स्वारांचे पगार वर्षानुवर्षं मिळेनात, त्यात धार्मिक हक्कांवरही बंधनं आली. १६७२ मध्ये अनेक तातार पथकं सरळ तुर्की सुलतानाला जाऊन मिळाली. तिथेही त्यांचं मन रमलं नाही. राजा यान तिसरा सोबिएस्की यानं त्यांना परत बोलावलं, हक्क बहाल केले आणि थकबाकीपोटी रोकड देता येत नव्हती म्हणून राजघराण्याच्या मालकीच्या जमिनी तोडून दिल्या. साल होतं १६७९, म्हणजे शिवछत्रपतींच्या हयातीतलं शेवटचं पूर्ण वर्ष. क्रुशिन्यानी मिळालं सॅम्युएल मुर्झा क्शेचोव्स्की या सरदाराला आणि त्याच्या माणसांना. वतन-इनामांची भाषा कानावरून गेलेल्या मराठी वाचकाला हा व्यवहार काही परका वाटणार नाही. राजानं दिलेला शब्द पाळला, ही त्यातली मोठी गोष्ट.

चारच वर्षांनी त्याची परतफेड झाली. १६८३ मध्ये तुर्की फौजेनं व्हिएन्नाला वेढा घातला, तेव्हा तो उठवायला गेलेल्या सोबिएस्कीच्या सैन्यात हे तातारही होते. समोरच्या फौजेतही तातारच. पेहराव सारखा, घोडे सारखे. मग आपला-परका ओळखायचा कसा? राजाच्या बाजूच्या तातारांनी म्हणे शिरस्त्राणात गवताची काडी खोचली होती. त्याच मोहिमेत पार्कानीच्या लढाईत क्शेचोव्स्कीनं राजाचा जीव वाचवला आणि पुढे राजा त्याच्याकडे क्रुशिन्यानीला पाहुणा म्हणून येऊन गेला, असंही गावात सांगतात.

आजची मशीद अठराव्या शतकाच्या अखेरीची. तिचा बाज चर्चसारखा, कारण आसपासच्या ख्रिस्ती सुतारांना बांधकामाची तीच रीत ठाऊक होती. आत जोडे काढूनच जायचं. जमिनीवर गालिचे, भिंती पाइनच्या उघड्या लाकडाच्या. पुरुषांचं दालन मोठं, स्त्रियांचं लहान. दोन्हींच्या मधल्या भिंतीत लांबट फट आणि तिच्यावर झिरझिरीत पडदा. भिंतींवर चौकटीत बसवलेली कुराणातली वचनं आणि पवित्र स्थळांची चित्रं टांगलेली असतात. त्यांना तातार ‘मुहिर’ म्हणतात.

मशिदीमागच्या झाडीत दगडी कुंपणाच्या आत ‘मिझार’ म्हणजे कबरस्तान आहे. इथे खरं तर सावकाश फिरायला हवं. सर्वांत जुन्या कबरींवर नुसते शेवाळलेले धोंडे. नंतरच्या दगडांवर अरबी अक्षरं, मग त्सारच्या अमलातली रशियन, मग पोलिश. नावं मुसलमानी, आडनावं मात्र ‘-स्की’ आणि ‘-विच’वर संपणारी. तातारांची मूळ बोली केव्हाच विसरली गेली. घरात पोलिश आणि बेलारूसी आल्या, तरी धर्मग्रंथांच्या हस्तलिखितांत याच स्लाव बोली ते अरबी लिपीत लिहीत राहिले. भाषा गेली तरी माणसं धर्माला आणि एकमेकांना धरून राहिली, हे या दगडांइतकं स्पष्ट कुठल्याच पुस्तकात दिसत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर सीमा सरकल्या आणि जुन्या तातार वस्त्यांपैकी बहुतेक सोव्हिएत हद्दीत गेल्या. पोलंडमध्ये ऐतिहासिक लाकडी मशिदी उरल्या दोनच: क्रुशिन्यानीची आणि जवळच्या बोहोनिकीची. २०१२ मध्ये दोन्हींना मिझारांसह ‘इतिहासस्मारक’ हा देशातला मानाचा दर्जा मिळाला. त्याआधी २०१० मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे युवराज चार्ल्स क्रुशिन्यानीला येऊन गेले होते. २०१४ मध्ये मात्र कोणीतरी रात्रीत मशिदीच्या भिंतीवर डुकराचं चित्र रंगवलं. ज्यांचे पूर्वज या देशासाठी लढले, त्यांच्या दारात हे घडावं याचा संताप येतो.

२०२१ मध्ये बेलारूसच्या सीमेवर निर्वासित अडकले, थंडीत काही दगावले. त्यांतल्या मुसलमानांना मूठमाती देण्याचं काम बोहोनिकीच्या तातारांनी अंगावर घेतलं. मृतांशी त्यांची ना ओळख होती, ना भाषा एक होती. तरीही दफन रीतसर झालं.

क्रुशिन्यानीत आता तातार घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाकी गाव मुख्यतः ख्रिस्ती. पण कुर्बान बायरामला, म्हणजे बकरी ईदला, ब्याविस्तोक, वॉर्सापासून नातलग येतात आणि मशीद भरते. सणाचं खाणं म्हणजे प्येरेकाचेव्निक. पिठाच्या सहा पारी इतक्या पातळ ताणायच्या की पलीकडचं दिसावं. प्रत्येक पारीला वितळलेलं लोणी लावून ती दुसरीवर ठेवायची, वर मेंढ्याचं, गाईचं किंवा हंसाचं बारीक चिरलेलं मांस पसरायचं, लांब गुंडाळी करायची आणि ती गोगलगाईसारखी वळवून गोल भांड्यात भाजायची. कापल्यावर थरांवर थर दिसतात. २००९ मध्ये युरोपीय संघानं या पदार्थाला पारंपरिक खासियत म्हणून संरक्षण दिलं. ज्यांना गोड हवं त्यांच्यासाठी मांसाऐवजी ताजं चीज, सफरचंद आणि मनुका घातलेला प्रकारही घरोघरी होतो.