इंग्रजी वाक्प्रचारांचा अर्थबोध : मराठी भाषकाच्या अडचणी

परभाषा शिकणाऱ्याला एखादा शब्द अडला की तो शब्दकोश उघडतो. परंतु वाक्यातील प्रत्येक शब्द ओळखीचा असूनही वाक्याचा अर्थ लागत नाही, तेव्हा त्याने काय उघडावे? इंग्रजीच्या विद्यार्थ्यापुढे हा प्रश्न पहिल्या दोन-तीन वर्षांतच उभा राहतो. 'बाय अँड लार्ज' हे तीन शब्द शाळकरी मुलालाही ठाऊक असतात. पण 'जवळ', 'आणि' व 'मोठा' यांची बेरीज 'एकंदरीत' अशी कोणत्याही गणिताने होत नाही. घटकशब्दांच्या अर्थांवरून ज्याचा समग्र अर्थ काढता येत नाही, असा रूढ शब्दसमूह म्हणजे वाक्प्रचार होय. मराठी भाषकाला ही गोष्ट स्वभाषेत नित्य परिचयाची आहे. 'नाकी नऊ आले' असे म्हणताना नऊ काय आले, असा प्रश्न कोणी विचारीत नाही.

अर्थ न लागणे ही अडचण तशी लहान होय, कारण ती निदान कळून येते. अर्थ लागला असे वाटावे आणि तो चुकीचा असावा, ही अडचण अधिक मोठी आहे. इंग्रजीत एखाद्या प्रकरणातून 'हात धुणे' म्हणजे त्याची जबाबदारी नाकारणे. बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानात रोमन सुभेदार पिलात याने जमावासमोर हात धुऊन येशूच्या मृत्यूचा दोष आपल्यावर नाही असे सांगितल्याचा प्रसंग आहे. त्यावरून हा प्रयोग रूढ झाला. मराठीत मात्र 'हात धुऊन घेणे' म्हणजे आलेल्या संधीचा लाभ उठविणे आणि 'हात धुऊन मागे लागणे' म्हणजे पिच्छा पुरविणे. जबाबदारी टाळणाऱ्याचे हात मराठीत धुतले जात नाहीत, ते झटकले जातात. 'पुल समवन्स लेग' या प्रयोगाचीही हीच कथा. शब्दशः पाहता तो 'पाय ओढणे' असा होतो. पण इंग्रजीत त्याचा अर्थ थट्टेने एखाद्याला फसविणे, चेष्टा करणे एवढाच आहे. मराठीत पाय ओढणारा मनुष्य थट्टेखोर नसतो. तो मत्सरी असतो. कचेरीतील इंग्रज सहकाऱ्याने हसत हसत हा प्रयोग केला आणि ऐकणाऱ्याने त्याचा मराठी अर्थ घेतला, तर निरुपद्रवी विनोदाचे रूपांतर आरोपात होते.

अशा साम्यांचे भाषाध्ययनातील स्थान सूझन इरुहो यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तपासले. स्पॅनिश मातृभाषा असलेल्या व इंग्रजीत बरीच प्रगती केलेल्या विद्यार्थ्यांपुढे त्यांनी तीन प्रकारचे वाक्प्रचार ठेवले : दोन्ही भाषांत एकरूप असणारे, थोडे साम्य असणारे आणि पूर्णतः भिन्न. एकरूप प्रयोग सर्वांत सुलभ ठरले, यात नवल नाही. अंशतः सारखे प्रयोग विद्यार्थ्यांना समजले, पण स्वतः वापरताना मातृभाषेची रूपे त्यांत घुसली. पूर्णतः भिन्न प्रयोग समजण्यास व वापरण्यास सर्वांत कठीण गेले; तथापि त्यांत मातृभाषेचा हस्तक्षेप कमी दिसला. मराठीला हा विभाग लावून पाहण्यासारखा आहे. 'डोळ्यांत धूळ फेकणे' इंग्रजीत जवळपास जशाच्या तसे चालते. 'आगीत तेल ओतणे' याच्या इंग्रजी रूपात तेलाऐवजी सर्पण येते. तेथे मराठी विद्यार्थी तेलच ओतणार हे उघड आहे. 'हात धुणे' व 'पाय ओढणे' यांचा मात्र वरील तीन वर्गांखेरीज चौथाच वर्ग मानावा लागेल : रूप सारखे, अर्थ वेगळा. अध्यापकाने सर्वाधिक वेळ या वर्गाला द्यावयास हवा. प्रत्यक्षात पाठ्यपुस्तकांच्या शेवटी जोडलेल्या याद्यांत हा वर्ग वेगळा काढून दाखविलेला क्वचितच आढळतो.

दुसरी अडचण लहान शब्दांची. क्रियापदापुढे एखादे अव्यय जोडून त्याचा अर्थ पार बदलून टाकण्याची इंग्रजीची रीत परकीयांना फार जड जाते, असे सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच नमूद केले होते. 'पुट' म्हणजे ठेवणे. पण 'पुट ऑफ' म्हणजे लांबणीवर टाकणे, 'पुट आउट' म्हणजे विझविणे आणि 'पुट अप विथ' म्हणजे सोसणे. इंग्रजी मातृभाषा असलेल्यांना यात काही अवघड आहे हे सांगूनही पटत नाही. मराठी भाषकाजवळ मात्र ही रीत समजून घेण्याचे एक साधन घरचेच आहे. 'पत्र लिहून टाकले' यात काहीही टाकलेले नसते, 'नको ते करून बसला' यात कोणी बसलेले नसते, आणि 'बोलता बोलता बोलून गेला' तो मनुष्य जागचा हललेलाही नसतो. टाकणे, बसणे, जाणे ही क्रियापदे येथे स्वतःचा अर्थ सोडून क्रियेची पूर्णता, पश्चात्ताप किंवा अनवधान सुचवितात. 'ईट अप', 'यूज अप' यांतील 'अप' असेच वर जाणे विसरून क्रिया तडीस गेल्याचे सांगते. 'खाऊन टाकणे', 'संपवून टाकणे' ही त्याची फार जवळची प्रतिरूपे होत. दोन्ही व्यवस्था तंतोतंत जुळत नाहीत, परंतु विद्यार्थ्याच्या मनातील 'हे असे का?' हा अडसर दूर होण्यास एवढे साम्य पुरते.

वाक्प्रचाराच्या मुळाशी बहुधा एखादे चित्र असते, आणि ते चित्र ज्या जीवनातून आले ते जीवन अपरिचित असले की वाक्प्रचार निर्जीव वाटतो. 'पाणी सोडणे' याच्या मागचा दानविधी किंवा 'विडा उचलणे' याच्या मागचा दरबार ज्याने ऐकलेलाही नाही, त्या परकीयाला मराठी अशीच वाटत असेल. इंग्रजीची पुष्कळशी चित्रे समुद्रावरची आहेत. वर आलेला 'बाय अँड लार्ज' हा प्रयोग मुळात शिडाच्या जहाजांचा. वाऱ्याला शक्य तितके सन्मुख राहून जाणे ते 'बाय', आणि वारा पाठीशी घेऊन जाणे ते 'लार्ज'. दोन्ही प्रकारे नीट चालणारे जहाज एकंदरीत चांगले. 'टेकन अबॅक' म्हणजे चकित होणे. येथेही शीडच आहे : अकस्मात समोरून वारा आला की शीड डोलकाठीवर मागे दाबले जाते आणि जहाज थबकते. हे चित्र एकदा डोळ्यांपुढे आले की अर्थ पाठ करावा लागत नाही. उलट 'स्टिकी विकेट' हा शब्दप्रयोग मराठी मुलाला समजावून सांगण्याचे कारणच नाही; पावसाने ओल्या झालेल्या व उन्हाने सुकू लागलेल्या खेळपट्टीवर फलंदाजाची काय अवस्था होते, हे त्याला मैदानावरून ठाऊक असते. अमेरिकन इंग्रजीत क्रिकेटची जागा बेसबॉल घेतो, आणि तोच मुलगा 'बॉलपार्क फिगर' म्हणजे ढोबळ अंदाज हे ऐकून गोंधळतो.

फ्रँक बोअर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी बेल्जममधील विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष २००४ मध्ये मांडले. वाक्प्रचाराचे मूळ क्षेत्र कोणते, हे जाणून घेतल्याने तो स्मरणात राहण्यास मदत होते, असे त्यांत आढळून आले. या पद्धतीला एक पथ्य मात्र पाळले पाहिजे. व्युत्पत्ती म्हणून सांगितल्या जाणाऱ्या कथांपैकी कित्येक केवळ मनोरंजक असतात. मुसळधार पावसासाठी मांजरे व कुत्री कोसळविणारा जो सुप्रसिद्ध प्रयोग आहे, तो स्विफ्ट यांच्या १७३८ मधील संवादग्रंथात आढळतो. त्याच्या उगमाच्या कथा अनेक आहेत, पण सिद्ध झालेली एकही नाही. स्मरणासाठी कथा वापरावयास हरकत नाही. ती इतिहास म्हणून शिकवू नये.

वाक्प्रचाराचे व्याकरणही स्वतंत्र असते. 'नाकी पुरते नऊ आले' असे कोणी म्हणत नाही, कारण त्या शब्दांच्या मध्ये कोणाला शिरकाव नाही. नन्बर्ग, सॅग व वॉसाव यांनी १९९४ मध्ये एक उपयुक्त भेद दाखवून दिला. 'स्पिल द बीन्स' म्हणजे गुपित फोडणे. यात सांडणे म्हणजे फोडणे आणि दाणे म्हणजे गुपित, अशी अर्थाची वाटणी करता येते. म्हणून 'बीन्स सांडले गेले' अशी कर्मणी रचना इंग्रजीत चालते. 'किक द बकेट' म्हणजे मरणे. यातील बादलीच्या वाट्याला कोणताच अर्थ येत नाही, म्हणून बादली लाथाडली गेली असे म्हटल्यास खरोखरीची बादलीच डोळ्यांपुढे येते.

याच प्रयोगावरून याद्या पाठ करण्याच्या पद्धतीचा सर्वांत गंभीर दोष दिसून येतो. परीक्षोपयोगी पुस्तकांत या प्रयोगापुढे 'मरणे' एवढाच अर्थ दिलेला असतो. तो खोटा नाही. पण अपुरा आहे, आणि अपुरेपणा येथे घातक ठरतो. फ्रान्सिस ग्रोस यांनी १७८५ साली हा प्रयोग नोंदविला तो ग्राम्य बोलीच्या कोशात, आणि त्याची जात अद्याप पालटलेली नाही. 'गचकणे', 'राम म्हणणे' आणि 'कैलासवासी होणे' या तिहींचा अर्थ 'मरणे' असाच देता येईल. म्हणून कोणी दुखवट्याच्या पत्रात 'आपले वडील गचकल्याचे कळले' असे लिहीत नाही. इंग्रजी सांत्वनपत्रात बादली आणणारा विद्यार्थी नेमके हेच करतो, आणि त्याच्या यादीने त्याला त्यापासून परावृत्त केलेले नसते. अर्थासोबत प्रसंग, वक्त्याची वृत्ती व ऐकणाऱ्याशी असलेले नाते सांगितले नाही, तर वाक्प्रचार शिकविला असे म्हणता येणार नाही.

परकीयांची ही गरज ओळखून तयार झालेल्या कोशांचा उगम इंग्लंडात नसून जपानात आहे, ही लक्षणीय गोष्ट होय. हॅरल्ड पामर १९२२ मध्ये जपानला गेले. इंग्रजीतील शब्दांच्या रूढ जोड्यांची व समूहांची पाहणी करून त्यांनी १९३३ मध्ये तोक्यो येथे अहवाल प्रसिद्ध केला. त्यांच्या समवेत काम केलेले ए. एस. हॉर्न्बी यांनी गेटन्बी व वेकफील्ड यांच्यासह सिद्ध केलेला वाक्प्रचार व वाक्यरचना यांचा कोश १९४२ मध्ये तेथेच निघाला. ऑक्सफर्डने १९४८ पासून विद्यार्थ्यांसाठी पुन्हा प्रसिद्ध केला तो हाच कोश. इंग्रजी ज्यांची मातृभाषा, त्यांना आपल्या भाषेतील कोणती गोष्ट अवघड आहे हे परकीय वर्गात उभे राहिल्यावर कळले, असा याचा अर्थ.

इंग्रजी बोलणाऱ्यांतही सर्वत्र एकच अर्थ नांदतो असे नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश व अमेरिकन सेनाधिकाऱ्यांच्या एका बैठकीतील प्रसंग चर्चिल यांनी आपल्या युद्धेतिहासात नोंदविला आहे. ब्रिटिशांना एक टिपण तातडीने चर्चेस घ्यावयाचे होते, म्हणून ते 'टेबल' करावे असे त्यांनी सुचविले. अमेरिकनांच्या भाषेत 'टेबल करणे' म्हणजे विषय बाजूस सारणे. म्हणून त्यांनी विरोध केला. बराच वेळ कडाक्याचा वाद झाल्यावर दोघांनाही एकच गोष्ट हवी आहे, हे उघडकीस आले. भारतीय विधिमंडळांनी ब्रिटिश परंपरा उचलली. मराठीत 'सभागृहाच्या पटलावर ठेवणे' म्हणजे कागदपत्र सभागृहापुढे सादर करणे होय. हा अर्थ मनात धरून अमेरिकन काँग्रेसचे वृत्त वाचणाऱ्या मराठी वाचकाला, जे विधेयक सभागृहाने निकालात काढले तेच विचारार्थ मांडले गेले असे वाटेल.