बाजार बसतो तेव्हां

इंग्रजी वृत्तपत्रांतील व्यापाराचें पान वाचणाऱ्या तरुण मंडळींस 'स्लंप', 'क्रॅश' आणि 'रिसेशन' यांतील भेद विचारला, तर तिन्हींस मिळून 'मंदी' हें एकच उत्तर बहुधा मिळतें. कापसावर जगणाऱ्या आमच्या यवतमाळ जिल्ह्यांत एवढ्यानें भागत नाहीं. भाव हळूहळू उतरत असला तर घरांत भरून ठेवलेला कापूस केव्हां विकावा याचा विचार करण्यास अवसर असतो. तो एकाएकीं कोसळला तर तो अवसर उरत नाहीं. आणि सगळा व्यापारच दोन-तीन वर्षें थंडावला, तर कापूस राखून तरी काय करावयाचें? रोग तीन असतां नांव एकच असावें, हें वैद्यासही परवडणार नाहीं.

'क्रॅश' हा मुळांत नुसता ध्वनि आहे. कांहीं मोडून खालीं आलें म्हणजे होणारा कडकडाट. आपलें 'गडगडणें' त्याच जातीचें. 'स्लंप' म्हणजे चिखलांत रुतणें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भागबाजारवाल्यांनीं तो शब्द उचलला. 'धंदा बसला' असें आपण म्हणतों, त्यांत चित्र तेंच. 'पॅनिक' हा ग्रीकांच्या पॅन नांवाच्या रानदेवापासून आला, कारण अरण्यांत अकारण दाटणारी भीति ही त्याची करणी समजत. 'बँकरप्ट' शब्दाच्या मुळाशीं इटलींतील सराफाचें मोडकें बांक आहे. आमच्याकडील 'दिवाळें' दिव्याशीं जोडतात. पेढी बुडालेल्या सावकारानें भरदिवसां दुकानांत दिवा लावावयाचा, अशी चाल सांगतात.

वऱ्हाडच्या कापसानें पहिला मोठा 'क्रॅश' १८६५ सालीं पाहिला. १८६१ त अमेरिकेंत यादवी पेटली, तेथील दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्या हिंदी कापसाकडे वळल्या. मुंबईंत पैसा मावेना. बॅकबे भरणीच्या कंपनीचा पांच हजारांचा भाग पन्नास हजारांवर चढला! पुढें एप्रिल १८६५ त सेनापति ली शरण गेला, कापूस उतरला, आणि वायदे मिटविण्याचा १ जुलैचा दिवस येतांच पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. प्रेमचंद रायचंदांसारखा धनाढ्य त्यांतून सुटला नाहीं. बँक ऑफ बाँबेही पुढें मोडली.

१९२९ ची गोष्ट निराळी. कडकडाट न्यूयॉर्कास झाला. आमच्याकडे आलें तें 'डिप्रेशन', म्हणजे ओझ्याखालीं दाबलें जाणें. कापसाचा भाव खालीं गेला, परंतु सावकाराचें कर्ज रुपयांत लिहिलेलें, तें कोठून उतरणार? तेवढेंच देणें फेडण्यास पूर्वीपेक्षां कितीतरी अधिक कापूस घालावा लागे. अखेर १९३३ सालीं मध्यप्रांत सरकारास कर्जसमेटीचा कायदा करावा लागला. संस्कृतांतील 'अवसाद' (अव + सद्, खालीं बसणें) हा 'डिप्रेशन'ला फार जवळचा आहे. दोन्ही शब्द मनाच्या खिन्नतेसही लागतात, हा योगायोग आम्हांस मोठा अर्थपूर्ण वाटतो.

तो शब्द इतका पोळला कीं, १९३७ त अमेरिकेचा व्यापार पुन्हां खालावला तेव्हां त्यास 'रिसेशन', म्हणजे मागें सरणें, असें मवाळ नांव मिळालें. १९७८ सालीं राष्ट्राध्यक्ष कार्टर यांचे सल्लागार आल्फ्रेड कान यांच्या तोंडून 'डिप्रेशन' निघालें. त्यांना समज मिळाली. तेव्हांपासून त्यांनीं त्या जागीं 'केळें' म्हणण्यास आरंभ केला! केळ्यांच्या व्यापाऱ्यांनीं तक्रार केली, तेव्हां बिचाऱ्यांनीं दुसरें फळ शोधलें.

राज्यकर्त्यांस असा खेळ परवडतो. कास्तकाराच्या घरीं परवडत नाहीं. मार्च २०११ मध्यें जगाच्या बाजारांत कापूस रत्तलास दोन डॉलरांवर गेला आणि वर्ष संपण्यापूर्वीं निम्म्याखालीं आला. आणखी चढेल म्हणून माल धरून बसलेल्यास ही 'मंदी' आहे, थोडें थांबा, असें सांगणें म्हणजे त्यास फसविणेंच होय, कारण मंद तो हळू चालणारा, आणि हा भाव कड्यावरून सुटलेल्या धोंड्यासारखा येत होता. म्हणून घरांतील शिकलेल्या मुलानें वडील माणसांस बातमी वाचून दाखवितांना भाव उतरला, बसला कीं कोसळला, एवढें तरी नीट पाहून सांगावें. कापूस आज गाडींत भरावयाचा कीं नाहीं, तें त्यावरच ठरतें.