जुनी पेटी विकायला काढण्याआधी

पेडणे आणि डिचोली तालुक्यांतल्या अनेक जुन्या घरांत माळ्यावर एखादी पेटी सापडते. आजोबा देवळातल्या सप्ताहाला वाजवायचे, काका दशावतारात बसायचे. पुढच्या पिढीत कोणी हात लावला नाही आणि पेटी कापडात गुंडाळून वर गेली. घर दुरुस्तीला निघालं की ती खाली येते आणि पहिला प्रश्न असतो, हिचे किती येतील?

त्याचं उत्तर पेटीच्या लाकडात फारसं नसतं. जुन्या पेटीची किंमत ठरते तिच्या सुरांवर. सूर म्हणजे आत बसवलेल्या छोट्या पितळी जिभा. भात्याची हवा त्यांच्यातून गेली की त्या थरथरतात आणि नाद येतो. इंग्रजीत त्यांना रीड म्हणतात आणि आपल्याकडचे कारागीरही आता तोच शब्द सर्रास वापरतात. सूर बघितल्याशिवाय कोणी आकडा सांगत असेल, तर तो आकडा आपण मनावर घेऊ नये.

सुरुवातीला काहीच करू नये, एवढंच करायचं. ओल्या फडक्यानं पुसणं नको, पॉलिश नको आणि उन्हात ठेवणं तर मुळीच नको. जुन्या पेट्यांचे सांधे सरसानं जोडलेले असतात. पावसाळ्याची ओल प्यालेलं लाकूड एकदम कडक उन्हात गेलं की सांधे सुटतात आणि फळ्यांना चिरा जातात. सावलीत, वारा खेळेल अशा जागी काही दिवस ठेवावी. कोरड्या मऊ ब्रशनं धूळ झटकावी. तळाशी मातीच्या रेघा किंवा बारीक भुसा दिसला, तर वाळवी किंवा भुंगा लागला आहे असं समजावं आणि पेटी घरातल्या इतर लाकडापासून लांब ठेवावी.

मग प्रकार ओळखायचा. एका हातानं भाता मारून दुसऱ्या हातानं वाजवायची ती हातपेटी. पायांनी भाता चालवायचा ती पायपेटी. प्रवासासाठी घडी घालता येते ती फोल्डिंग. संगीत नाटकांत वाजायचा तो ऑर्गन वेगळा. पेटीत, म्हणजे हार्मोनियममध्ये, भाता हवा सुरांकडे ढकलतो आणि अमेरिकन पद्धतीच्या ऑर्गनमध्ये ओढून घेतो. आत पाहिलं तर फरक कळतो. पेटीचे सूर स्क्रूनं पक्के बसवलेले असतात, तर ऑर्गनचे खाचेत सरकवलेले असतात आणि आकड्यानं बाहेर ओढता येतात. घरात जे आहे त्याला ऑर्गन म्हणायची हौस पुष्कळांना असते. ती आवरलेली बरी, कारण दोन्हींचं गिऱ्हाईक निराळं.

आता नावाची पट्टी. कोलकात्याची 1875 साली सुरू झालेली द्वारकिन, मुंबईत दादरची 1925 ची हरिभाऊ विश्वनाथ, डी. एस. रामसिंग अशी नावं दिसली की घरात आनंद होतो. तो रास्त आहे, पण अर्धाच. पट्टीवर नाव असतं पेटी बांधणाऱ्याचं किंवा विकणाऱ्याचं. सूर बहुतेक वेळा दुसरीकडून आलेले असतात आणि पुढच्या काळात ते बदललेलेही असू शकतात. उलट, पट्टीच नसलेल्या पेटीत उत्तम सूर निघतात.

वय काढायला मात्र पट्टी आणि कागद कामाचे. पत्त्यात पिनकोड असेल तर ती पट्टी 1972 नंतरची, कारण पिनकोडच त्या वर्षी आला. खोक्यात जुनी पावती सापडली आणि किंमत आण्यांत असेल, तर ती 1957 च्या दशमान नाण्यांआधीची असण्याचा संभव मोठा. आपल्या गोव्यातली पावती आणखी बोलकी. रुपिया-तांगांतला हिशेब असेल तर तो 1958-59 च्या आधीचा, आणि एस्कुदोंत असेल तर तिथपासून 1961 च्या मुक्तीपर्यंतचा. अशी चिठी पेटीपासून कधीच वेगळी करू नये.

इथे एक समजूत दूर करायला हवी. 1940 ते 1971 या काळात आकाशवाणीवर पेटीला बंदी होती, म्हणून त्या काळातली पेटी दुर्मिळ, असं सांगणारे भेटतात. बंदी होती ती रेडिओपुरती. भजनं, नाटकं, बैठकी चालूच होत्या आणि कारागीरही पेट्या बांधत होते. त्या गोष्टीवर वाढीव पैसे मागू नयेत आणि देऊही नयेत.

पेटी उघडणं हा खरा टप्पा. हात बसलेला नसेल तर ते पेटी दुरुस्त करणाऱ्याकडूनच करून घ्यावं, पण आपण शेजारी बसावं. वरचं झाकण काढलं की पट्ट्या, म्हणजे बोटांनी दाबायच्या काळ्या-पांढऱ्या कळा, आणि त्यांच्या स्प्रिंगा दिसतात. सूर असतात त्यांच्याखालच्या फळीच्या उलट्या अंगाला. तिला रीडबोर्ड म्हणतात. घोटाळा होतो तो घाईनं. गंजलेला स्क्रू चुकीच्या मापाच्या पेचकसानं फिरवला की त्याची खाच जाते, मग लाकूड फोडावं लागतं. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढावा.

रीडबोर्ड उलटा केला की सुरांवरचे शिक्के वाचायचे. वादकांत सर्वांत जास्त मान पॅरिसच्या सुरांना. कास्रिएल आणि एस्तेव्ह ही त्यांतली नावाजलेली नावं. त्यांच्या खालोखाल जर्मन सूर, त्यांत ज्युबिलेट हे नाव नेहमी ऐकू येतं. गुजरातेतल्या पालिताण्याचे सूर देशी सुरांत चांगले समजले जातात. पण दोन-चार शिक्के पॅरिसचे दिसले म्हणून सगळी पेटी पॅरिसची होत नाही. सूर एकेक मोजावेत. तीन सप्तकांच्या आसपासच्या पेटीत 37, 39 किंवा 42 पट्ट्या असतात आणि पेटी दुहेरी सुरांची असेल तर सूर त्याच्या दुप्पट. खर्ज, नर आणि मादी अशा तीन ओळी असतील तर तिप्पट. खर्ज सर्वांत खालचा, नर मधला, मादी वरचा. एखादाच सूर जास्त चकचकीत, वेगळ्या आकाराचा किंवा नव्या स्क्रूचा दिसला, तर तो बदललेला आहे. मूळचे किती आणि बदललेले किती, हा आकडा किमतीच्या बोलणीत पट्टीवरच्या नावापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

भिंग असेल तर जिभेवरचे कानसीचे ओरखडेही बघावेत. टोकाकडे घासलं की सूर चढतो, बुडाकडे घासलं की उतरतो. दर वेळी पितळ थोडं कमी होतं. दोन्हीकडे खोल घासलेले सूर म्हणजे अनेकदा लावलेली, थकलेली पेटी. घामट बोटं पितळाला लावू नयेत आणि हिरवट थर आपण स्वतः खरवडू नये. त्या खरवडण्यानंच सूर बिघडतो.

वाजवून बघताना मोबाइलवरचं सूर मोजायचं ॲप उघडावं. सगळेच सूर सारखेच थोडे उतरलेले दाखवले तर लगेच घाबरू नये. फ्रान्सनं 1859 मध्ये मध्य सप्तकातल्या ए स्वराची, म्हणजे आपल्या पांढरी सहाची, कंपनं सेकंदाला 435 ठरवली होती. आज ती 440 धरतात. जुने पॅरिस सूर तसेच राहिले असतील तर जवळजवळ वीस सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराचा पाचवा हिस्सा, खाली बोलतात. अशा पेटीला आधी आधुनिक सुरात आणून मग विकू, असा विचार करणारे कायमचं नुकसान करून बसतात. ते काम घेणाऱ्यावर सोडावं.

कुठला बिघाड किती महाग, हे कळलं की घासाघीस सोपी जाते. पट्टी न दाबता एखादा स्वर आपोआप वाजत राहतो, ते बहुधा ढिल्या स्प्रिंगमुळे किंवा ओलीनं वाकलेल्या झडपेमुळे. काम किरकोळ. स्वर करकरतो तेव्हा पुष्कळदा जिभेत कचरा असतो. भाता फाटला तर नवा घालता येतो आणि त्यानं पेटीची पत जात नाही. जिभेला चीर गेली असेल तर मात्र त्याच जातीचा, त्याच स्वराचा जुना सूर शोधावा लागतो. भाता भरून पट्टी न दाबता सोडावा. तो भराभर बसला तर हवा गळते आहे.

पट्ट्यांवरचा पांढरा थर हस्तिदंती आहे, असं घरचे अभिमानानं सांगतात. तो बहुधा हाडाचा किंवा सेल्युलॉइडचा असतो. तापलेली सुई लावून बघण्याचा सल्ला ऐकू नये, सेल्युलॉइड पेट घेतं. खरंच हस्तिदंत असेल, तर वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याची विक्री गुन्हा आहे. जाहिरातीत तो शब्द मिरवण्याआधी वनखात्याकडे विचारावं.

आणि पेटी आपलीच आहे ना? आजोबांकडे असलेली पेटी देवळाचीही असू शकते. गोव्यातल्या देवस्थानांची मालमत्ता 1933 च्या महाजनी कायद्याखाली येते, ती घरातल्या कोणी परस्पर विकून चालत नाही. झाकणाच्या आत देवाचं नाव रंगवलेलं असेल तर आधी देवस्थान समितीला भेटावं.

भाव काढताना तशीच, त्याच सप्तकांची आणि तितक्याच ओळींची नवी पेटी कितीला मिळते ते विचारावं. त्यातून दुरुस्तीचा लेखी अंदाज वजा करावा. परदेशी सूर मूळचे आणि पूर्ण असतील तरच वर काही मागावं. ते किती, हे वादक, दुरुस्त करणारा आणि विक्रेता अशा तिघांना वेगवेगळं विचारावं. विक्रेत्याचा आकडा सर्वांत कमी असणार, त्याला त्यावर नफा काढायचा असतो. गोव्यात कान असलेला वादक शोधायला लांब जावं लागत नाही; दिवंगत पेटीवादक पं. तुळशीदास बोरकर बोरीचेच होते. मात्र ‘ही पेटी बोरकरांनी वाजवली होती’ या वाक्याला फोटो किंवा पत्र असल्याशिवाय पैसे पडत नाहीत.

मोरजी-हरमलच्या बाजूला परदेशी गिऱ्हाईक चांगला भाव सांगतं. पेटी शंभर वर्षांवरची असेल तर 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली ती देशाबाहेर नेता न येण्याची शक्यता असते. पेटी पुरावशेष नाही असा दाखला पुरातत्त्व खात्याकडून घेणं आणि पेटी बाहेर नेणं ही जबाबदारी घेणाऱ्याची, असं पावतीवर लिहून घ्यावं. त्याच पावतीवर मूळचे आणि बदललेले सूर किती तेही लिहावं आणि रीडबोर्डचे फोटो सोबत द्यावेत.