वाहन दुरुस्तीचा हक्क (भारत)

वाहन दुरुस्तीचा हक्क म्हणजे मोटारीच्या मालकाने आपली गाडी स्वतः किंवा पसंतीच्या गॅरेजमध्ये दुरुस्त करून घेण्याचा, तसेच त्यासाठी लागणारे सुटे भाग, तपासणीची उपकरणे व तांत्रिक माहिती मिळवण्याचा हक्क होय. भारतात त्याची व्याप्ती मुख्यतः प्रताधिकार व स्पर्धाविषयक कायद्यांवरून ठरते.

प्रताधिकाराशी संबंध

आधुनिक मोटारीतील इंजिन, ब्रेक इत्यादी यंत्रणा संगणकीय आज्ञावलीवर चालतात. प्रताधिकार कायदा, १९५७ नुसार अशी आज्ञावली ही 'साहित्यकृती' असते. मात्र आज्ञावलीच्या कार्याचा अभ्यास व चाचणी करण्यास कलम ५२ काही मर्यादेत मुभा देते. २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५-अ नुसार प्रताधिकारभंगाच्या हेतूने डिजिटल कुलूप तोडल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो; कायद्याने स्पष्टपणे निषिद्ध न केलेल्या कारणासाठी केलेली कृती त्यातून वगळली आहे. याउलट अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने कुलूप तोडण्यावरच बंदी असल्याने वाहनदुरुस्तीसाठी २०१५ मध्ये स्वतंत्र सवलत द्यावी लागली.

स्पर्धा आयोगाचा निर्णय

भारतात प्रत्यक्ष अडसर ठरला तो सुटे भाग व माहिती अडवून ठेवण्याचा. एका ग्राहकाच्या २०११ मधील तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यांत मुंबईत मुख्यालय असलेल्या टाटा मोटर्स (सुमारे १,३४६ कोटी) व महिंद्रा अँड महिंद्रा (सुमारे २९२ कोटी) यांचा समावेश होता. बौद्धिक संपदेच्या रक्षणासाठी हे निर्बंध आवश्यक असल्याचा कंपन्यांचा बचाव आयोगाने अमान्य केला. तयार सुटा भाग खुल्या बाजारात विकल्याने त्यामागील बौद्धिक संपदेला बाध येत नाही, असे आयोगाचे मत होते. सुटे भाग व तपासणीची उपकरणे स्वतंत्र गॅरेजना उपलब्ध करून द्यावीत आणि केवळ बाहेर दुरुस्ती केली म्हणून वॉरंटी सरसकट नाकारू नये, असे आदेश देण्यात आले. मुंबई-पुणे व मुंबई-गोवा मार्गांवरील पनवेलसारख्या शहरांतील स्वतंत्र गॅरेजच्या दृष्टीने हे आदेश महत्त्वाचे आहेत.

पुढील घडामोडी

अपील न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये टोयोटा, फोर्ड व निस्सान यांच्याविरुद्धचे निष्कर्ष कायम ठेवले. दंडाची आकारणी मात्र केवळ सुट्या भागांच्या विक्रीवर करण्यास सांगितले. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. मोटारी हे तिच्या चार प्रमुख क्षेत्रांपैकी एक होते. त्याच वर्षी २४ डिसेंबर रोजी दुरुस्तीविषयक माहितीचे संकेतस्थळ सुरू झाले.