बर्नआउटची मोजपट्टी आणि क्रिस्टिना मॅसलॅक

बर्नआउट हा शब्द मानसशास्त्रज्ञांनी बोलण्यातून उचलला. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर हे नाझी जर्मनीतून लहानपणी अमेरिकेत आलेले मानसशास्त्रज्ञ. न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात राबताना आपली आणि सोबतच्या स्वयंसेवकांची जी गत झाली, तिला त्यांनी १९७४ च्या एका लेखात हे नाव दिले. त्याच सुमारास देशाच्या दुसऱ्या किनाऱ्यावर, बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात, क्रिस्टिना मॅसलॅक वेगळ्या वाटेने त्याच शब्दापाशी पोहोचत होत्या. फ्रॉइडेनबर्गर यांनी त्या अवस्थेचे वर्णन केले, मॅसलॅक यांनी ती मोजायला घेतली. व्यावसायिक आरोग्य मानसशास्त्र या ज्ञानशाखेत त्यांच्या प्रश्नावलीइतके वापरले गेलेले साधन क्वचितच सापडेल, आणि इतके चुकीचे वापरले गेलेलेही.

मॅसलॅक यांचा जन्म १९४६ चा, सॅन फ्रान्सिस्कोचा. १९६७ मध्ये रॅडक्लिफमधून पदवी आणि १९७१ मध्ये स्टॅनफर्डमधून सामाजिक मानसशास्त्रात पीएच.डी. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्टॅनफर्डच्या एका तळघरात मानसशास्त्रज्ञ फिलिप झिम्बार्डो यांचा, विद्यार्थ्यांना कैदी आणि पहारेकरी बनवणारा तुरुंगाचा प्रयोग चालू होता. डोक्यावर पिशव्या आणि पायांत साखळ्या अशा अवस्थेत ‘कैद्यां’ना शौचालयाकडे नेले जाताना मॅसलॅक यांनी पाहिले आणि त्या झिम्बार्डोंवर उसळल्या. दोन आठवड्यांचा म्हणून आखलेला प्रयोग सहा दिवसांत गुंडाळावा लागला. पुढच्या वर्षी त्या दोघांचे लग्न झाले. मॅसलॅक यांच्याविषयी बोलताना बरेच लेखक इथेच थांबतात. तो त्यांच्यावर अन्याय आहे, कारण खरे काम यापुढचे. पण एक धागा मात्र इथूनच निघतो: चांगली माणसे नोकरीच्या चौकटीत शिरल्यावर समोरच्याला माणूस म्हणून पाहायचे का थांबवतात?

बर्कलीत रुजू झाल्यावर त्यांनी माणसांशी रोज गाठ पडणाऱ्या पेशांतल्या लोकांच्या मुलाखती घ्यायला सुरुवात केली. डॉक्टर, परिचारिका, समाजसेवक, तुरुंगातले कर्मचारी अशी ती मंडळी होती. दुसऱ्याचे दुःख रोज पाहताना ही माणसे स्वतःला कशी सांभाळतात, हा मूळ प्रश्न. उत्तरांत एकच सूर वारंवार ऐकू येऊ लागला. आधी मन पार रिते होते, मग समोरच्याविषयी कडवटपणा येतो, आणि शेवटी आपल्या हातून काही घडत नाही ही भावना घर करते. याला काय म्हणावे ते मात्र ठरत नव्हते. गरिबांचे खटले चालवणाऱ्या एका वकिलाच्या कानावर हे वर्णन पडले, तेव्हा आमच्यात याला बर्नआउट म्हणतात, असे उत्तर आले. १९७६ मध्ये ‘ह्यूमन बिहेविअर’ या मासिकातला त्यांचा लेख याच नावाने आला आणि शब्द घरोघर पोहोचला. मराठीत या तिन्ही गोष्टींना सामावणारा एक शब्द नाही. शीण झोपेने उतरतो, उबग बदलाने जातो. दुसऱ्या अवस्थेला मात्र आपल्याकडे नेमका वाक्प्रचार आहे: पाट्या टाकणे.

मासिकातल्या लोकप्रियतेने विद्यापीठात नुकसानच केले. मॅसलॅक आणि त्यांची विद्यार्थिनी सुझन जॅक्सन यांनी प्रश्नावलीवरचा शोधनिबंध पाठवला, तेव्हा असले बाजारी मानसशास्त्र आम्ही छापत नाही, अशा अर्थाची चिठ्ठी जोडून तो न वाचताच परत आला. शेवटी १९८१ मध्ये तो प्रसिद्ध झाला. ‘मॅसलॅक बर्नआउट इन्व्हेंटरी’ची मूळ घडण साधी आहे. एकूण २२ विधाने: ९ भावनिक थकव्याविषयी, ५ समोरच्या माणसाला वस्तूसारखे वागवण्याविषयी, ८ आपल्या कामातून काही साधते आहे या भावनेविषयी. प्रत्येक विधान किती वेळा खरे वाटते ते ० ते ६ या आकड्यांत सांगायचे. ० म्हणजे कधीच नाही, ६ म्हणजे रोज. शेवटच्या गटात गुण कमी पडले तर ते वाईट. तिन्ही गटांची बेरीज एकत्र करायची नसते, कारण त्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. सगळा घोळ पुढे याच ठिकाणी झाला.

ही प्रश्नावली आली तेव्हा व्यावसायिक आरोग्य मानसशास्त्र हे नावही रुळले नव्हते. पाया मात्र पडत होता. रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये दाखवले होते की मागणी जास्त आणि निर्णयाचे स्वातंत्र्य कमी अशी नोकरी माणसाला सर्वाधिक ताण देते. १९८७ मध्ये ‘वर्क अँड स्ट्रेस’ हे नियतकालिक सुरू झाले आणि १९९६ मध्ये या शाखेच्या नावाचे अमेरिकी नियतकालिक निघाले. १९९६ हेच मॅसलॅक यांच्या साधनाच्याही विस्ताराचे वर्ष. नेदरलँड्सचे विल्मार शाउफेली आणि कॅनडाचे मायकेल लायटर यांच्यासोबत १६ विधानांची सर्वसाधारण आवृत्ती निघाली. रुग्ण किंवा विद्यार्थी समोर नसलेल्या कारकुनाला, तंत्रज्ञालाही ती लागू होऊ शकत होती. त्यात ‘माणसाला वस्तू मानणे’ याची जागा कामाविषयीच्या तुच्छतेने घेतली.

लायटर यांच्याबरोबरचे काम हे या कारकिर्दीतले सर्वांत मोलाचे पर्व. १९९७ च्या ‘द ट्रुथ अबाउट बर्नआउट’मध्ये दोघांनी रोख बदलला. माणूस आणि त्याचे काम यांचा मेळ कुठे बसत नाही, असे विचारून त्यांनी सहा जागा दाखवल्या: कामाचा भार, कामावरचा ताबा, मिळणारा मोबदला, सहकाऱ्यांतले नाते, न्याय्य वागणूक आणि मूल्ये. व्यवस्थापनाला यातला पहिलाच मुद्दा दिसतो, आणि मग सुट्टी किंवा योगवर्ग हा उपाय निघतो. २००८ च्या एका अभ्यासात त्यांनी एकाच संस्थेतल्या कर्मचाऱ्यांची वर्षाच्या अंतराने दोनदा पाहणी केली. ज्यांच्यात थकवा आणि तुच्छता यांपैकी एकच लक्षण आधी दिसत होते, त्यांच्यापैकी कोण पुढे पूर्ण बर्नआउटकडे गेले? ज्यांना आपल्या कार्यालयात न्याय होत नाही असे वाटत होते, ते. बढती कुणाला मिळते, चूक कुणाच्या माथी मारली जाते, हे माणूस कामाच्या तासांपेक्षा बारकाईने मोजत असतो. हे कुठल्याही कचेरीतल्या शिपायालाही ठाऊक असते, पण आकड्यांनिशी मांडणे वेगळे.

अध्यापनातही त्यांचे नाव मोठे. १९९७ मध्ये त्यांना अमेरिकेतला ‘प्रोफेसर ऑफ द इयर’ हा सन्मान मिळाला. पुढे बर्कलीत पदवी शिक्षणाच्या प्रशासनाची धुराही त्यांनी वाहिली.

प्रश्नावली मात्र हाताबाहेर गेली. सुरुवातीच्या पुस्तिकांत नमुन्यातल्या लोकांचे गुण वरचा, मधला आणि खालचा अशा तीन भागांत वाटून दिले होते. ती निव्वळ सांख्यिकीय सोय होती. संशोधकांनी वरच्या भागाला रोगी ठरवून टाकले, कुणी एकाच गटाचे गुण धरले, कुणी दोन गटांचे. २०१८ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात डॉक्टरांमधल्या बर्नआउटचा आढावा आला. ४५ देशांतले १८२ अभ्यास, १ लाख ९ हजारांहून अधिक व्यक्ती, आणि बर्नआउटच्या किमान १४२ वेगळ्या व्याख्या. प्रमाण शून्यापासून ८०.५ टक्क्यांपर्यंत कुठेही. बहुतेक अभ्यासांत मॅसलॅक यांचीच प्रश्नावली होती. चौथ्या आवृत्तीच्या पुस्तिकेतून, २०१६ मध्ये, त्या सीमारेषा काढून टाकण्यात आल्या होत्या. त्याच वर्षी मॅसलॅक आणि लायटर यांनी तिन्ही गटांचे गुण एकत्र न करता पाच प्रकारच्या मनःस्थिती वेगळ्या केल्या. नुसता थकलेला आणि खरोखर बर्नआउट झालेला हे त्यात एक नाहीत.

दुसरा आक्षेप मुळावरच घाव घालतो. रेंझो बियांकी आणि अर्विन शोनफेल्ड या संशोधकांच्या मते बर्नआउट हे नैराश्याचेच दुसरे नाव आहे. थकवा हा त्यातला गाभा, तो नैराश्याच्या लक्षणांशी घट्ट जुळतो आणि नवे नाव दिल्याने उपचाराची गरज असलेला माणूस निसटतो. हा युक्तिवाद हलक्यात घेण्यासारखा नाही. पण तो पूर्ण मान्य केला तर कामाच्या जागेला प्रश्न विचारण्याची सोयच उरत नाही, सगळे पुन्हा रुग्णाच्या फायलीत जाते. थकव्यालाच गाभा मानणारे इतरही आहेत: डॅनिश संशोधकांनी २००५ मध्ये मांडलेली कोपनहेगन प्रश्नावली थकव्यावरच थांबते. स्वीडनमध्ये याच सुमारास अतिथकव्याला वैद्यकीय निदानाचा दर्जा मिळाला.

जागतिक आरोग्य संघटनेने मे २०१९ मध्ये रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात बर्नआउटची व्याख्या दिली, तेव्हा तीन परिमाणे मॅसलॅक यांचीच घेतली आणि हा आजार नसून कामाशी निगडित अवस्था आहे, असा खुलासा जोडला. हे वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्याच वर्षी लायटर यांच्यासोबत त्यांचे ‘द बर्नआउट चॅलेंज’ आले. विषयात शिरू पाहणाऱ्याने सुरुवात त्यापासून करावी; वादाची बाजू समजायची असेल तर बियांकी आणि शोनफेल्ड यांचे लेख लगोलग वाचावेत, आणि प्रश्नावली वापरायची असेल तर परवान्याचे पैसे आधीच बाजूला काढून ठेवावेत.