कायद्यातला जलमार्ग आणि पाटातलं पाणी

नगर जिल्ह्यातल्या देवळाली प्रवराला आपलं नाव देणारी प्रवरा नदी पुढे प्रवरासंगमला गोदावरीला मिळते. कायद्याच्या हिशोबाने त्या संगमावरून राष्ट्रीय जलमार्ग जातो. २०१६च्या कायद्याने देशातले १११ जलमार्ग राष्ट्रीय ठरवले, त्यांची एकूण लांबी २० हजार किलोमीटरांच्या वर भरते. त्यातल्या चौथ्या क्रमांकाच्या जलमार्गाला भद्राचलमपासून नाशिकपर्यंतची ११८४ किलोमीटर गोदावरी जोडली गेली. पैठण, प्रवरासंगम, पुणतांबा, कोपरगाव ही गावं अशी एका फटक्यात मालवाहतुकीच्या नकाशावर आली.

पाण्यावरून माल नेण्याचा मोह पडावा असेच त्याचे आकडे आहेत. एक लिटर इंधनात रस्त्याने २४ टन माल एक किलोमीटर जातो, रेल्वेने ८५ टन आणि पाण्यावरून १०५ टन. दोन हजार टनांची एक बार्ज (सपाट तळाची मालवाहू बोट) म्हणजे २० टन ऊस भरलेले, डबल ट्रॉलीचे १०० ट्रॅक्टर. अमेरिकेत मिसिसिपी नदीवर पंधरा बार्जेस एकत्र बांधून एकच टगबोट सुमारे २२ हजार टन ढकलत नेते. हाच माल आपल्या रस्त्यावर आणला तर ११०० ट्रॅक्टर लागतील. चीनच्या यांगत्से नदीवर २०२३ साली ३८० कोटी टनांहून जास्त माल हलला.

आपल्याकडे २०२१-२२ मध्ये सगळ्या राष्ट्रीय जलमार्गांवर मिळून १० कोटी ८८ लाख टन माल वाहिला गेला. त्याच हंगामात महाराष्ट्रातल्या कारखान्यांनी गाळलेला ऊस होता १३ कोटी २० लाख टन. बैलगाडी, ट्रॅक्टर आणि ट्रकमधून, ऊसतोड मजुरांच्या डोक्यावरून चढून गव्हाणीत पडलेला एका राज्याचा ऊस देशभरच्या जलमार्गांवरच्या मालाहून जास्त भरला. दोन वर्षांनी जलमार्गांचा आकडा १३ कोटी ३० लाख टनांवर गेला, तेव्हा कुठे त्याने त्या उसाला गाठलं.

मग हा ऊस, ही साखर नदीतून का जाऊ नये? उत्तर भंडारदऱ्यात आहे. १९२६ साली पुरं झालेलं हे धरण आजही प्रवरेच्या दोन्ही कालव्यांचा मुख्य आधार आहे. त्याची क्षमता ११ हजार ३९ दशलक्ष घनफूट, म्हणजे ११ टीएमसी. टीएमसी हा शब्द आपण रोज पेपरात वाचतो, पण त्याचं वजन डोळ्यांपुढे येत नाही. एक टीएमसी पाणी म्हणजे २ कोटी ८३ लाख टन. ते दहा हजार लिटरच्या टँकरने आणायचं तर २८ लाखांहून जास्त खेपा होतील. एवढे टँकर एकामागे एक उभे केले, तर पृथ्वीला अर्ध्याहून जास्त वेढा बसेल. भरलेल्या भंडारदऱ्यातल्या पाण्याचं वजन ३१ कोटी टन होतं, सगळ्या राष्ट्रीय जलमार्गांवरच्या २०२३-२४च्या मालाच्या दुपटीहून जास्त. पैठणचं जायकवाडी धरण भरलं की २९० कोटी टन. भारतीय रेल्वेने २०२३-२४ मध्ये वर्षभरात वाहिलेला माल १५९ कोटी टन होता.

आता बार्जसाठी ४५ मीटर रुंद आणि फक्त २ मीटर खोल वाट धरू. पाणी सेकंदाला अर्धा मीटर सरकत राहिलं, तर १६०० क्युसेकचा विसर्ग अखंड चालू ठेवावा लागेल. या हिशोबाने अख्खा भंडारदरा ८० दिवसांत रिकामा होतो. बंधारे घालून पाणी अडवलं तर विसर्ग कमी लागेल, पण मग प्रत्येक बंधाऱ्यापाशी बोट वर-खाली नेणारे लॉक बांधावे लागतील. पैठणला सुमारे दहा किलोमीटर लांबीची, ४१ मीटर उंच भिंत उभी आहे, तिला असं लॉक नाही. पनामा कालव्यात एक जहाज पार करायला सुमारे २० कोटी लिटर गोडं पाणी समुद्रात सोडावं लागतं. २०२३च्या दुष्काळात तिथेही जहाजांची संख्या कमी करावी लागली.

गोदावरीत हा प्रयत्न पूर्वी झालेला आहे. धवळेश्वरमचा बंधारा उभारणाऱ्या ब्रिटिश अभियंता आर्थर कॉटन यांना वर्धा खोऱ्यातला कापूस नदीने थेट पूर्व किनाऱ्यावर न्यायचा होता. वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे होते. ते ओलांडायला कालवे आणि लॉक यांची कामं सुरू झाली. पण १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली, आणि १८७१ साली नदीची कामं सोडून देण्यात आली. खालच्या गोदावरीचं ते पात्र आपल्याकडच्यापेक्षा कितीतरी जास्त पाण्याचं होतं.

महाराष्ट्रात जलमार्ग चालतो तो कोकणात. रायगडमधल्या अंबा नदीचा जलमार्ग जेमतेम ४५ किलोमीटरांचा, पण धरमतरच्या खाडीतून डोलवीच्या पोलाद कारखान्यासाठी लोहखनिज आणि कोळसा बार्जनेच येतो. या कारखान्याची क्षमता वर्षाला एक कोटी टन पोलादाची आहे. तिथे नदीला पाणी पुरवतो समुद्र, दिवसातून दोनदा. भरतीच्या पाण्यावर कुणाच्या आवर्तनाचा हक्क नसतो.

प्रवरेचा प्रत्येक थेंब वाटलेला आहे. जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी साठा असला की वरच्या धरणांतून पाणी सोडायचं, या २०१४च्या आदेशावरून नगर-नाशिक आणि मराठवाडा पुन्हा पुन्हा कोर्टापर्यंत गेले आहेत. ओझरच्या बंधाऱ्यातून निघालेला पाट इंधनाचा एक थेंबही न जाळता लाखो टन पाणी उताराने शेतापर्यंत आणतो. या भागाचा खरा मालवाहू जलमार्ग तोच आहे.

म्हणून वरच्या गोदावरीचा पट्टा राष्ट्रीय जलमार्गांच्या यादीतून काढावा, त्याच्या अभ्यास-अहवालांवर पैसा घालू नये. तो पैसा कोकणातल्या खाड्यांचा गाळ काढायला आणि जेट्ट्या बांधायला द्यावा. आणि नगर जिल्ह्यातली साखर, कांदा बाहेर जायचा तर त्याला रेल्वेच्या मालगाड्या जास्त मिळाव्यात, हीच मागणी इथल्या शेतकऱ्याने लावून धरावी.