न पिणाऱ्यानं निवडलेली वाइन

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मी आयुष्यात वाइनचा एक थेंबही चाखलेला नाही, आणि आज मी तुम्हाला वाइनची चांगली बाटली कशी निवडावी हे सांगणार आहे. हसू आलं असेल तर हसून घ्या. आम्हा शायरांत ही परंपरा जुनीच आहे. उर्दूतले रियाझ खैराबादी जन्मभर मदिरेवर शेर लिहीत राहिले, आणि प्याल्याला कधी ओठ लावला नाही म्हणतात. मीही माझ्या मराठी गझलांत भरपूर सुरया उपड्या केल्या आहेत. शाईला कुठे वास येतो?

पण खरी बाटली हातात घ्यायची वेळ एकदा आली. माझा एक मित्र बँकेतून निवृत्त होत होता. तीस वर्षं तो ईदला आमच्या घरी शीरखुर्म्याला येतो. मुलगी पुण्याला गेल्यापासून त्याला वाइनची गोडी लागली होती; पण इतक्या वर्षांत त्यानं माझ्यासमोर कधी पेला हातात धरला नाही. मी काही बोललो असतो असं नाही. त्यानंच ते पाळलं. तेव्हा ठरवलं, या माणसाला त्याच्या आवडीची वस्तू द्यायची. आमच्या धर्मात दारू पिणंच नव्हे, ती विकत घेऊन दुसऱ्याला देणंही मना आहे, हे मला ठाऊक होतं. तो हिशेब माझा आणि वरच्याचा.

मे महिना होता. शहरातल्या एका दुकानात गेलो आणि मान खाली घालून म्हणालो, ‘एक चांगली वाइन द्या.’ दुकानदारानं काचेच्या शोकेसमधली, उन्हात चमकणारी बाटली काढून दिली. पांढरी वाइन, चार वर्षं जुनी. जुनी म्हणजे उत्तम, असं त्यानंही सांगितलं आणि मलाही वाटलं. वर्तमानपत्रात गुंडाळून ती स्कूटरच्या डिकीत टाकली. मग वीजबिल भरलं, शिंप्याकडे गेलो, दौलताबादला घरी येईपर्यंत दुपारचे तीन वाजले. संध्याकाळी मित्रानं माझ्यासमोर पहिल्यांदाच पेला भरला, एक घोट घेतला, क्षणभर थांबला आणि म्हणाला, ‘वा, कविराज! नजर आहे तुला.’ आणि बूच परत लावलं.

या प्रकरणात किती चुका झाल्या ते मला दोन वर्षांनी कळलं. निफाड तालुक्यात एका कविसंमेलनाला गेलो होतो. उतरायची सोय एका द्राक्षबागायतदाराकडे होती आणि त्यांची द्राक्षं वायनरीला जात. मी त्यांना माझ्या भेटीची गोष्ट अभिमानानं सांगितली. ते हसले नाहीत, हेच मला जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला बागेत नेलं.

पहिली गोष्ट त्यांनी द्राक्ष तोंडात टाकायला देऊन शिकवली. आपण हातगाडीवरून घेतो ती थॉमसन किंवा सोनाका मोठी, पातळ सालीची, बिनबियांची. वाइनचं द्राक्ष बारीक, जाड सालीचं, आत बिया. पांढरी वाइन बहुतेक वेळा नुसत्या रसाची असते, लाल वाइन सालीसकट आंबवतात. लाल वाइन जिभेला जो तुरटपणा देते तो सालीचा आणि बियांचा. जांभूळ खाल्ल्यावर जीभ खरखरते ना, तसा. म्हणून बाटलीवर आधी द्राक्षाचं नाव वाचायचं. शिराझ, काबर्ने सोव्हिन्यॉं म्हणजे लाल आणि तुरट. सोव्हिन्यॉं ब्लां म्हणजे पांढरी आणि आंबटसर. शेनिन ब्लां आपल्याकडे बरीचशी किंचित गोडसर मिळते.

दुसरी गोष्ट सालाची, म्हणजे वर्षाची. इथे मला आमच्या गावचा एक जुना पाहुणा आठवला. इब्न बतूता चौदाव्या शतकात, मुहम्मद तुघलकाच्या काळात, दौलताबादला येऊन गेला. इथं द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा येतात, असं त्यानं नमूद करून ठेवलं आहे. शाळेत असताना मला ती प्रवाशाची थाप वाटायची. बागायतदार म्हणाले, थाप कशाची? युरोपात हिवाळ्यात वेल झोपते. आपल्याकडे तशी थंडीच नाही, वेल जागीच राहते. म्हणून शेतकरी दोनदा छाटतो, उन्हाळ्यात खरड छाटणी आणि पावसाळ्याच्या शेवटी फळछाटणी, आणि पीक एकच घेतो, जानेवारी ते मार्चमध्ये. युरोपातली तोडणी साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरातली. त्यामुळे लेबलवर एकच वर्ष छापलेलं असलं तरी नाशिकची वाइन फ्रान्सच्या वाइनपेक्षा सहा-आठ महिन्यांनी थोरली असते. सातशे वर्षांपूर्वीच्या त्या ओळीचा अर्थ मला असा निफाडात कळला.

आणि जुनी म्हणजे चांगली, हे तर बहुतेक बाटल्यांना लागूच नाही. जगातली बहुतांश वाइन लवकर प्यायलाच केलेली असते. आपल्याकडची साधी पांढरी आणि गुलाबी वाइन वर्षा-दोन वर्षांतली घ्यावी, लाल चार-पाच वर्षांपर्यंत चालते. ‘रिझर्व्ह’ या शब्दाला भुलू नये. स्पेनमध्ये लाल वाइनवर तो लिहायचा तर किमान तीन वर्षं मुरवावी लागते. सगळीकडे नियम इतका कडक नाही. झाकण फिरकीचं आहे म्हणून बाटली हलकी समजू नये. पांढऱ्या वाइनला ते उलट बरं.

सगळ्यात महत्त्वाचं मात्र लेबलवर नसतंच. ती बाटली आजवर कुठे राहिली? मराठवाड्यातल्या मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो आणि वाइनला ऊन आणि उष्णता दोन्ही सोसत नाहीत. शोकेसमधली बाटली कधीच घेऊ नये, आतल्या खोक्यातली मागावी. उजेडात धरून पाहावी. पांढरी वाइन तपकिरी दिसली तर ती गेली. बूच वर आलेलं असेल, मानेवर चिकट ओघळ असेल, आतली पातळी उतरलेली असेल, तर ती कुठेतरी तापली आहे. ज्या दुकानात गिऱ्हाईक जास्त आणि माल पटापट फिरतो, तिथून घ्यावी. (डिकीचा उल्लेख बागायतदारांनी केला नाही. माणूस सभ्य होता.)

घरी आणल्यावर आणखी एक फसवणूक असते. लाल वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी, हे वाक्य युरोपातल्या खोलीचं आहे, १६ ते १८ अंशांचं. आमच्या पत्र्याखालच्या खोलीचं नव्हे. लाल बाटलीही अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवावी. उघडल्यावर तीन-चार दिवसांत संपवावी. जेवण तिखट असेल तर तुरट लाल वाइन टाळावी, तिनं तिखट आणखी चढतं. नान-खलियाबरोबर, तेव्हा, ती किंचित गोडसर शेनिन. हे मी ऐकीव सांगतोय, खलियापुरतीच माझी ग्वाही.

महाराष्ट्रात या धंद्याचा पाया १९८० च्या दशकात नारायणगावला घातला गेला. तिथली फेसाळ वाइन परदेशी गेली ती ‘उमर खय्याम’ या नावानं. म्हणजे इथेही शायरच कामाला आला! सरकारनं २००१ साली वाइनसाठी खास धोरण आणलं आणि नाशिक जिल्ह्यात वायनऱ्या वाढल्या. २०२२ च्या जानेवारीत मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय झाला, तेव्हा ‘वाइन ही दारूच नव्हे’ असंही ऐकायला मिळालं. हे मला पटत नाही. १२-१३ टक्के अल्कोहोल असलेल्या पेयाला दारूच म्हणायचं. द्राक्ष उत्पादकाचं भलं खरं बोलूनही करता येईल.

निफाडहून परतल्यावर मी थेट मित्राकडे गेलो. म्हणालो, ‘ती बाटली नासलेली होती ना?’ तो आधी टाळत राहिला. मग वहिनीच आतून म्हणाल्या, ‘भाऊजी, आम्ही ती महिनाभर कोशिंबिरीत वापरली.’

आता यात एक गंमत आहे. माझ्या दादीच्या अंगणात मांडवावर एक वेल होती, तिची आंबट द्राक्षं ती मडक्यात घालून सिरका करायची. मदिरा आमच्याकडे हराम, पण तीच आपोआप आंबून सिरका झाली की हलाल. मित्राला हे माझ्याच एका गझलेच्या गप्पांतून माहीत होतं. तो म्हणाला, ‘कविराज, तू आणलेली बाटली फक्त तुलाच चालली असती. तुला विचारायचं राहूनच गेलं.’

यंदा त्याच्या वाढदिवसाला मी पुन्हा दुकानात गेलो. आतल्या खोक्यातली मागितली, उजेडात धरून पाहिली, आणि रिक्षानं थेट त्याच्या घरी पोचवली. त्यानं घोट घेतला. या वेळी बूच लावलं नाही.